सूनबाई वाटेत अडते

तुम्ही कधी आपल्या सुनेला तबेल्यात बांधलंय? तिच्या तोंडाला तोबरा लावलाय? खरं सांगा. नाही ना? आमच्या दूधमावशीने लावलाय, सोळा वर्षं लावतेय, आणि त्यावरून खाली बाजारात जे लोक दात काढतात, "त्या म्हातारीने आणि त्या अर्जवालीने मिळून सरकारी खात्याला टोपी घातली" म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अर्जवाली म्हणजे मी. अर्ज मी लिहिला होता. त्यात एक शब्द खोटा नव्हता. नक्कल माझ्याकडे आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन वाचावी, वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन.

दूधमावशी वर डोंगरात राहते, वाडीतल्या शेवटच्या घरात. वाडीत नऊ घरं. नऊ घरांचं दूध गोळा करून खाली केंद्रावर पोचवायचं, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, हे तिचं काम. उन्हाळ्यात चाकांची गाडी असते. बर्फ पडला की चाकं काढायची आणि खाली दोन लांब लाकडी पट्ट्या ठोकायच्या, तिला आम्ही घसरगाडी म्हणतो. गाडी बदलते, मावशी बदलत नाही. तोच नवऱ्याचा जुना कोट, कमरेला दोरी, डोक्याला एकावर एक दोन रुमाल. दोन कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "एकाने वारा थांबतो. दुसऱ्याने केंद्राचे साहेब."

बाई माझ्या खांद्याला लागते. पण भरलेला कॅन गुडघ्याचा टेकू देऊन अशी वर चढवते की बघणाऱ्याला वाटावं रिकामाच असणार. एका पाहुण्याला तसं वाटलं. "द्या मावशी, मी घेतो," म्हणाला. मावशीने दिला. तो कॅनसकट बर्फात बसला, आणि मावशी शांतपणे म्हणाली, "बसायचंच होतं तर घरात नसतं का बसता आलं?"

तिचा नवरा, आम्ही काका म्हणतो, दिवसभर शेगडीपाशी बसून घोडीचे कातडी पट्टे शिवतो. कानाने कमी. कोणी काहीही बोललं की तो एकच शब्द म्हणतो, "बरोबर." मावशी म्हणते, चाळीस वर्षं संसार टिकला तो या शब्दावर. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे घोळ घालणार आहे.

आता सूनबाई. मावशीचा मुलगा एकुलता एक. शहरात बस चालवायला गेला. जाताना आईला म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात येईन तो तुला सून घेऊनच." पुढचा हिवाळा आला. मुलगा आला, सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि मळके कपडे. त्याच आठवड्यात मावशीने दूधगाडीसाठी तीन वर्षांची घोडी आणली होती, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. मुलाने विचारलं, "हिचं नाव काय?" मावशी म्हणाली, "सूनबाई. तू आणायचीस तेव्हा आण, मी माझी आणली." मुलगा अजून बिनलग्नाचाच आहे आणि घोडी अजून सूनबाईच आहे. नऊ घरांत कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. "सूनबाईने आज नाल टाकला." "सूनबाईला खोकला झालाय." "सूनबाईने पोस्टमनला चावलं." आम्ही हे इतकी वर्षं ऐकतोय की ते ऐकून हसायचं असतं हेच विसरून गेलोय. सगळी भानगड इथेच झाली.

केंद्रावर गेल्या पावसाळ्यानंतर नवे साहेब आले. दुधाची फॅट बघतात म्हणून त्यांना सगळे फॅटसाहेब म्हणतात. स्वतःच्या अंगावर मात्र पाव किलो नाही. माणूस वाईट नाही, पण वहीचा माणूस. वहीत लिहिलं ते झालं, वहीत नाही ते झालंच नाही. हिवाळा लागला, वरच्या रानातून लांडगे खाली उतरले, तसे दरवर्षीच उतरतात. वर बर्फ साचला की त्यांना खायला उरत नाही आणि आमची कोंबडी त्यांना दिसायला लागते. त्याच सुमारास दूध कधी कधी अर्धा तास उशिरा पोचायला लागलं. फॅटसाहेबांनी विचारलं, उशीर का? मावशी म्हणाली, "कातळाच्या वळणावर सूनबाई थांबली होती." झालं. साहेबांनी वहीत लिहिलं, घोडी वाटेत अडली, कातळाचं वळण. महिन्यात अकरा वेळा लिहिलं आणि महिन्याच्या शेवटी निकाल दिला: घोडी एकोणीस वर्षांची आहे, म्हातारी आहे, अडते. सोमवारपासून ट्रॅक्टर जाईल. घोडीचं नाव कामावरून कमी.

तुम्ही म्हणाल, बरं झालं की, बिचारी सुटली. तुमचं तबेल्यांशी कधी काम पडलेलं नाही हे त्यावरून कळतं. हिवाळ्याचं सुकं गवत केंद्राकडून मिळतं, आणि मिळतं ते कामावरच्या जनावराला. कामावर नाही, तर गवत नाही. बर्फाखाली चार महिने चरायला काही नसतं. फॅटसाहेबांनी तोही विचार करून ठेवला होता. खाटकाला निरोप दिला, सोमवारी वर ट्रक आण. "तिचेही हाल नकोत," असं मला म्हणाले, अगदी कळवळून. मी त्यांना जे म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

मावशी माझ्याकडे आली. माझं टेबल पोस्टाच्या बाहेर असतं. रडणारी बाई नाही ती. टेबलावर रुमाल ठेवला, एक, म्हणजे ऐकायच्या तयारीने आली होती. म्हणाली, "लिही. मी सांगते तसं लिही, तुझं भाषण घालू नकोस."

माझं भाषण! बरं. मी तिने सांगितलं तसंच लिहिलं. हा घ्या अर्ज:

"महोदय, माझी सूनबाई वय वर्षे एकोणीस. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दुधाची गाडी ओढते. सोळा वर्षांत एकही सुट्टी घेतलेली नाही. राहते तबेल्यात, झोपते उभ्याने, तरी कधी तक्रार नाही. वाटेत लांडगे असतात, तिच्याच जिवावर आमचे चालते. आता दूध केंद्राचे साहेब म्हणतात की ती म्हातारी झाली, वाटेत अडते, तिला खाटकाला द्या. सोमवारी खाटकाचा ट्रक येणार आहे. तरी कोणीतरी येऊन तिला एकदा डोळ्यांनी बघावे ही विनंती."

खाली मावशीची सही. पाकिटावर मी लिहिलं, माननीय साहेब, मोठी कचेरी. कोणत्या खात्याचं ते लिहिलं नाही, कारण माझा वीस वर्षांचा अनुभव आहे की खातं लिहिलं की ते खातं म्हणतं हे आमच्याकडे येत नाही.

शुक्रवारी दुपारच्या आत मी वर जाऊन मावशीकडे मुक्काम टाकला. सोमवारी ट्रकपुढे आडवं पडायचं माझं ठरलं होतं. मावशी म्हणाली, "आडवी पडशील ती बर्फात, ट्रक यायच्या आधी गोठशील. त्यापेक्षा बटाटे सोल." मी बटाटे सोलत होते आणि जीपचा आवाज आला.

जीपमधून आधी हवालदार उतरला, मोठा गडी. मग एक तरुण मॅडम उतरल्या, शहरातल्या बुटांत, हातात फाईल आणि काखेत गुलाबी ब्लँकेट. आणि शेवटी फॅटसाहेब, चेहरा दुधासारखा पांढरा. त्यांना वाटेत केंद्रावरून उचललं होतं. मॅडमनी फक्त विचारलं होतं, "अर्जातले साहेब तुम्हीच का? बसा." त्यांना वाटलं दुधात पाणी सापडलं. वाटभर ते पाण्याचाच खुलासा करत आले.

मॅडम महिला आणि कुटुंब खात्याच्या होत्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढं पाहिलं की अर्ज पोचून तिसऱ्या दिवशी जीप आली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटलं, अखेर एका खात्याला अक्कल आली, एका मुक्या जनावराची कोणाला तरी दया आली. माझा ऊर असा भरून आला की मी बटाट्यासकट उभी राहिले.

मॅडम दारातच म्हणाल्या, "तुमची सून कुठे आहे?"

"आता? तबेल्यात उभी असेल," मावशी म्हणाली. "दुपारचं दूध निघेपर्यंत कुठे जाणार?"

मॅडमनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने पट्टा वर ओढला. मॅडम शेगडीपाशी बसल्या आणि फाईल उघडली.

"बांधून ठेवता तिला?"

"बांधावं लागतं हो. मोकळी सोडली की शेजारणीच्या परसात जाते आणि तिच्या कोबीवर तोंड टाकते. मग ती शेजारीण इथे येऊन माझं डोकं खाते."

"खायला काय देता?"

"सुकं गवत. थंडी फार असली तर वर दोन मुठी जव. जास्त दिलं की माजते."

मॅडमचं पेन थांबलं. "माजते?"

"मग! लाथाच मारते."

"मॅडम," फॅटसाहेब म्हणाले, "एक मिनिट, ती घो—"

"तुम्ही गप्प बसायचं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे मी नंतर येणार आहे."

"तुम्ही तिला मारता का?"

मावशीला हे लागलं. "मी? तो बघा चाबूक, भिंतीला लटकलाय. सोळा वर्षांत एकदा उगारला होता. तिने चावून दोन तुकडे केले. तो दुसरा तुकडा काकांनी पट्ट्याला लावलाय."

मॅडम काकांकडे वळल्या. "आणि हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत चालतं?"

"बरोबर," काका म्हणाले.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"बरोबर."

मॅडमनी ते दोनदा अधोरेखित केलं. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या, आणि खरं सांगते, मला त्या बाईचा अभिमान वाटत होता. घोडीसाठी इतकं तळमळणारी बाई मी पाहिली नव्हती.

"मुलीचा नवरा कुठे असतो?"

"कोणाचा?"

"तुमच्या सुनेचा!"

"नवरा?" मावशी हसायलाच लागली. "तिला कुठला नवरा! पलीकडच्या गावात नेली होती दोनदा. चांगला होता हो तो, काळाभोर, तगडा. पहिल्या खेपेला हिने जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याचे दोन दात पाडले. मी म्हटलं, राहू दे बाई, तुला नको तर नको. जबरदस्ती कशाला?"

"हे एक बरं केलंत," मॅडम म्हणाल्या.

"दोन दात?" हवालदाराने विचारलं.

"पुढचे," मावशी म्हणाली.

"मॅडम, मला फक्त एवढंच सांगायचंय," फॅटसाहेब म्हणाले, "की ही जी सू—"

"हवालदार, हे परत बोलले तर यांना जीपमध्ये बसवा."

मॅडमनी ब्लँकेट मांडीवर घेतलं. आवाज खाली आणला. "हे बघा, मी तिला घेऊन जाणार आहे. निवाऱ्यात तिच्यासाठी खाट राखलीय. गरम पाणी आहे, दोन वेळचं जेवण आहे, शिकायचं असेल तर शिवणकाम आहे."

मावशीने दोन्ही हात पसरून काहीतरी मोजलं. शेवटी म्हणाली, "खाटेवर ती मावणार नाही."

"एवढ्या बर्फात तिच्या पायांत काय असतं? अनवाणी असते ना?"

"अनवाणी कशी असेल?" मावशीचा आवाज चढला. "गेल्याच आठवड्यात नवे नाल ठोकून घेतलेत. चारी पायांना!"

मॅडमनी लिहिलं. "चारी पायांना" असं लिहिलं, टिंब दिलं, आणि मग त्या पहिल्या शब्दाकडे बघत राहिल्या. खोलीत फक्त काकांच्या दाभणाचा आवाज येत होता. बाहेर तबेल्यात कोणीतरी जोरात खिंकाळलं.

मॅडम उठल्या आणि तडक तबेल्यात गेल्या. आम्ही सगळे मागे. सूनबाई उभी होती, कपाळावर ठिपका, तोंडात गवताची काडी. तिने मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं, जशी कोणतीही सूनबाई तपासायला आलेल्या पाहुण्यांना पाहते, आणि गुलाबी ब्लँकेटवर शिंकली.

"हा अर्ज," मॅडम म्हणाल्या, "कोणी लिहिला?"

"मी," मी म्हणाले. "काय चुकलं?"

"सून लिहिलंय यात!"

"सूनबाई लिहिलंय. ते नाव आहे."

"नावापुढे घोडी लिहायला काय झालं होतं?"

"तुमच्या नावापुढे तुम्ही बाई लिहिता का?"

मग आमचं जे वाजलं ते नऊ घरांनी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, दिशाभूल केल्याचा गुन्हा दाखल करीन. मी म्हणाले, करा, वाक्य दाखवा कुठलं खोटं आहे ते. त्यांनी अर्ज उघडला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. एकही सापडेना. त्याने त्या अजूनच चिडल्या. मला खरं तर तेव्हाच त्यांच्याबद्दल थोडं वाईट वाटलं. त्यांनी याहून वाईट घरं पाहिली असणार, तबेल्यात बांधलेली सून त्यांना अशक्य वाटली नाही, ते उगाच नाही. पण भांडणाच्या मध्ये असं वाटलेलं सांगायचं नसतं.

फॅटसाहेब आता मोकळे झाले होते. "मी जीपमध्येच सांगणार होतो," ते म्हणाले, "पण कोणी बोलू देईल तर ना! घोडी आहे ती, म्हातारी, वाटेत अडते. माझ्याकडे नोंदी आहेत." आणि खिशातून वही काढली.

मॅडमनी फाईल फाडकन मिटली. "चला, परत." पण जीप चालू होईना. इंजिनातलं पाणी गोठलं होतं. ट्रॅक्टर मागवावा तर फॅटसाहेबांनी फोनवर चौकशी केली आणि फोन खिशात घालून नुसतेच आकाशाकडे बघत उभे राहिले. ट्रॅक्टरही सकाळपासून चालू झाला नव्हता.

दुपारचं दूध निघायची वेळ झाली होती. मावशी घसरगाडीवर कॅन चढवत होती. "बसायचं तर बसा," ती म्हणाली. "दुधाला तुमच्यासाठी थांबता येणार नाही." हवालदार म्हणाला, मी जीपपाशी थांबतो, आणि जाऊन काकांच्या शेगडीपाशी बसला. मॅडम, मी आणि फॅटसाहेब कॅनांच्या मध्ये बसलो. मावशी पुढे. निघालो.

सूनबाई चालायला लागली की बघत राहावं. घाई नाही. एकेक टाप मोजून, जिथे बर्फ घट्ट आहे तिथेच. उतारावर मागे टेकून गाडी पेलते. मॅडमचे हात कॅनच्या कडीवर पांढरे झाले होते, पण पहिल्या उतारानंतर सैल पडले. घोडा त्यांनी आजवर फक्त पुतळ्याखाली पाहिला होता, हे त्यांनी नंतर मला सांगितलं.

कातळाच्या वळणावर सूनबाई थांबली.

अशी थांबली की जणू कोणी जमिनीत ठोकली. कान पुढे. शेपटीसुद्धा हलेना. समोर मोकळा रस्ता, दोन्हीकडे झाडी, पांढरं सगळं.

"बघा मॅडम!" फॅटसाहेब जवळजवळ आनंदाने ओरडले. "अडली! तुमच्या डोळ्यांदेखत अडली! लिहा तुमच्या फाईलमध्ये." त्यांनी घड्याळ पाहून वहीतही लिहिलं.

"हाका ना तिला, मावशी," मॅडम म्हणाल्या. थंडीने त्यांचे दात वाजत होते.

"तिला जायचं असलं की जाईल," मावशी म्हणाली. तिने दोन्ही रुमाल सोडून कान मोकळे केले.

"हे असंच रोज," फॅटसाहेब म्हणाले, आणि खाली उतरले. "मी दाखवतो." पुढे जाऊन लगाम धरला आणि ओढला. सूनबाईने त्यांची लोकरीची टोपी दातांत धरून काढून घेतली आणि तोंडात तशीच ठेवली. साहेब बोडक्याने वळले, टोपी मागायला, आणि तेव्हा त्यांना दिसलं.

तीसेक पावलांवर, रस्त्याच्या कडेला, एक लांडगा उभा होता. राखाडी, बारका, फॅटसाहेबांसारखाच बिनफॅटचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं. साहेब घसरगाडीवर कसे आले ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघत होते तरी मला दिसलं नाही. पुढे होते, मग माझ्या मांडीवर होते.

"पळवा!" ते म्हणाले. "पळवा तिला!"

"पळालं की ते मागे लागतात," मावशी म्हणाली. "हे तिला कळतं. तुम्हाला आता कळलं. झाकण घ्या आणि बडवा."

तिने पळीने कॅन वाजवायला सुरुवात केली. मी वाजवला. मॅडमनी वाजवला. साहेबांनी झाकणावर वहीच बडवायला घेतली, मावशीने ती काढून हातात पळी दिली. असा गोंगाट त्या डोंगराने ऐकला नसेल. लांडगा कंटाळल्यासारखा वळला आणि रस्ता ओलांडून खाली झाडीत गेला. त्याच्यामागून दुसरा. तिसरा. चौथा. एका ओळीत, आपल्या कामाला निघाल्यासारखे. पाचवा गेला.

"गेले," साहेब कुजबुजले. "आता चला. चला ना, मावशी."

सूनबाई हलली नाही. कान तसेच पुढे, तोंडात टोपी.

"आता का थांबलीय?" मॅडमनी विचारलं.

"अजून एक आहे," मावशी म्हणाली.

"मी मोजले. पाच होते."

"तुम्ही डोळ्यांनी मोजले."

आम्ही कॅन वाजवायचं थांबवलं. मनात मी साठपर्यंत मोजलं असेल, आणि मग वरच्या झाडीतून सहावा आला, लंगडा, म्हातारा, सगळ्यांच्या मागे राहिलेला. थांबला, आमच्याकडे पाहिलं, हळूहळू रस्ता ओलांडला आणि गेला. आम्ही मघाशीच निघालो असतो तर अगदी त्याच्या अंगावर गेलो असतो, खालचे पाच मागे वळले असते.

सूनबाईने नाकातून फुर्र केलं, टोपी बर्फात टाकली आणि चालायला लागली.

मॅडमनी हात पुढे केला. "साहेब, ती वही द्या." अर्धा उतार त्या वही वाचत होत्या. शहरातली बाई, पण डोकं आहे. म्हणाल्या, "अकरा नोंदी आहेत. अकराही वेळा घोडी याच वळणावर अडली. म्हातारपण काय एकाच वळणावर येतं?"

साहेब बोडकं डोकं चोळत होते.

"तुमच्या ट्रॅक्टरला लांडग्यांचा वास येतो का?"

"ट्रॅक्टरच्या आवाजानेच लांडगे पळतात, मॅडम."

"ट्रॅक्टर चालू झाला तर," मावशी म्हणाली.

केंद्रावर पोचल्यावर मॅडम साहेबांच्याच टेबलावर बसल्या, साहेबांचाच चहा प्यायल्या आणि अहवाल लिहायला घेतला. त्यांची अडचण मला कळत होती. आलेल्या अर्जाचा निकाल लावायला हवा. अर्जातली सून ही घोडी निघाली असं लिहावं, तर कचेरीतल्या तीन पिढ्यांनी त्यांना तेवढ्यावरूनच ओळखलं असतं. त्यांनी पेन चावलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या अर्जात खरंच एकही शब्द खोटा नाही?"

"एकही नाही."

"मग माझ्याही अहवालात नसेल," त्या म्हणाल्या आणि लिहिलं:

"सूनबाई यांची प्रत्यक्ष भेट घेतली. प्रकृती ठणठणीत. स्वभाव मानी. सासूकडे राहण्याचीच त्यांची इच्छा स्पष्ट दिसून आली. कामात थांबतात ते जबाबदारीने थांबतात, हे मी स्वतः पाहिले. त्यांना या घरातून किंवा कामावरून हलवायचे झाल्यास आधी या खात्याची लेखी परवानगी घ्यावी. दूध केंद्राच्या साहेबांना समज देण्यात आली."

खाली गोल शिक्का. एक प्रत फॅटसाहेबांना. त्यांनी ती वहीत चिकटवली, आणि आता ती वहीत आहे म्हणजे झालेली गोष्ट आहे. गवत सुरू राहिलं.

सोमवारी खाटीक ट्रक घेऊन आला. मी आडवी पडायला बाहेर निघाले तर मावशीने मला बाजूला सारलं आणि त्याच्यापुढे कागद धरला. त्याने वाचला. घोडीकडे पाहिलं. परत वाचला. "मावशी, ही तुमची सून?"

"हो."

"आणि हा पोलिसांचा शिक्का?"

"महिला खात्याचा."

"मग नको बाबा," तो म्हणाला. "माझ्या घरी आधीच एक केस चालू आहे." आणि ट्रक वळवला.

"बरोबर," काका दारातून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक नीट ऐकून.

झालं ते एवढं. कोणी कोणाला टोपी घातली नाही. टोपी गेली ती फक्त फॅटसाहेबांची, ती बर्फात राहिली, आणि ते ती आणायला त्या वळणावर एकटे जायला तयार नाहीत. मॅडमचं गुलाबी ब्लँकेट सूनबाईच्या पाठीवर आहे. महिन्यातून एकदा मोठ्या कचेरीतून पत्र येतं, सूनबाईंची ख्याली-खुशाली कळवा. मी कळवते. खरं तेच.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हिवाळ्यात त्या रस्त्याने तुम्ही गाडी घेऊन वर जाल, कातळाच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक घसरगाडी उभी दिसेल, पुढे गुलाबी ब्लँकेट पांघरलेली तपकिरी घोडी, कान ताठ, जागची हलत नाही. तेव्हा हॉर्न वाजवू नका. खाली उतरू नका, काच वर करा, आणि पाच मोजून झाले तरी, कृपा करून, सूनबाई निघेपर्यंत थांबा.